परभाषेतील वास्तव्य आणि अनपेक्षित कौशल्य : रमाबाई, सोसेकी व धर्मानंद यांच्या आत्मपर गद्याचा तौलनिक विचार

१

परदेशवास आणि आत्मपर लेखन यांच्या संबंधाचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने दोन अंगांनी होत आला आहे. लेखकाने परदेशात काय पाहिले, हे पहिले अंग. पाहिलेल्याचा त्याच्या मतांवर कोणता परिणाम झाला, हे दुसरे. पहिल्यातून प्रवासवर्णनाची चर्चा सिद्ध झाली, दुसऱ्यातून प्रबोधनपर्वाची. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न राहून गेला आहे : परक्या भाषेत दीर्घकाळ राहिलेला माणूस काय करायला शिकला? येथे ‘शिकणे’ याचा अर्थ पदवी मिळवणे असा नाही. ज्या विद्येसाठी प्रस्थान ठेवले ती संकल्पित विद्या; आणि तिच्या वाटेवर, अनेकदा तिच्या अपयशातून, जे हाताला, जिभेला वा लेखणीला वळण लागले ते अनपेक्षित कौशल्य. पहिलीला संस्थेचे प्रमाणपत्र असते. दुसऱ्याला साक्षीदारही बहुधा नसतो. मग त्याची नोंद कुठे सापडणार?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, ही नोंद लेखकाच्या निवेदनात क्वचितच सापडते; ती त्याच्या गद्याच्या घडणीत सापडते. आणि हे कौशल्य पूर्णत्वाला जाते ते परभाषेत नव्हे, तर ते स्वभाषेत परत आणले जाते तेव्हा. या प्रतिपादनाच्या कसोटीसाठी तीन व्यक्तींचे लेखन निवडले आहे : पंडिता रमाबाई (इंग्लंड-अमेरिका, १८८३ ते १८८९), जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी (लंडन, १९०० ते १९०२) आणि धर्मानंद कोसंबी (१९०२ पासून सिंहलद्वीप व ब्रह्मदेश, पुढे हार्वर्ड). तिघांमध्ये प्रत्यक्ष प्रभावाचा कोणताही धागा नाही. तुलनेचा आधार परिस्थितीचे साम्य हा आहे. तिघेही परदेशी गेले तेव्हा प्रौढ होते आणि आपापल्या परंपरेत विद्वान किंवा विद्वत्तेच्या उंबरठ्यावर होते. तिघांनाही परक्या मुलखात पुन्हा मुळाक्षरांपर्यंत खाली उतरावे लागले.

या निवडीला एक प्रतितुलनाही आवश्यक आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये त्यांनी तीच पदवी मिळवली. संकल्प आणि सिद्धी यांचा इतका नेमका मेळ त्या काळात दुर्मीळ होता. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, स्वदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, त्यांचे निधन झाले. मिळवलेली विद्या हाताने वापरण्याची संधी त्यांना लाभली नाही. त्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या रमाबाईंची कथा नेमकी उलट आहे. वैद्यक शिकण्याचा हेतू त्यांचाही होता, पण श्रवणदोषामुळे तो मार्ग बंद झाला. एकीची विद्या पूर्ण झाली आणि आयुष्य अपुरे पडले. दुसरीची संकल्पित विद्या अपुरी राहिली आणि वाटेत हाती आलेल्या कौशल्यांवर पुढची तेहतीस वर्षे उभी राहिली.

२

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना कलकत्त्यात मिळून पाच वर्षे झाली होती. सभेत बोलणे त्यांना नवे नव्हते. बालपणापासून कुटुंबाबरोबर तीर्थोतीर्थी हिंडताना पुराणकथन हेच उपजीविकेचे साधन होते. म्हणून ‘परदेशात रमाबाई वक्तृत्व शिकल्या’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. परदेशात बदलले ते वक्ता आणि श्रोता यांचे नाते. पुराणिकाच्या हाती ग्रंथ असतो आणि श्रोता त्या ग्रंथाच्या अधिकाराला मान देऊन दक्षिणा ठेवतो. अमेरिकेतील श्रोत्यांसमोर रमाबाईंच्या हाती असा कोणताही मान्य ग्रंथ नव्हता. ज्या समाजाची बाजू मांडायची तो श्रोत्यांना अज्ञात, भाषा उसनी, आणि मागणे मात्र मोठे : बालविधवांच्या शाळेसाठी वर्षानुवर्षे चालणारे साहाय्य.

हे नाते कसे घडले हे पाहण्यासाठी त्यांची तीन पुस्तके एका ओळीत ठेवावी लागतात. ‘स्त्री धर्मनीति’ (१८८२) हे प्रस्थानापूर्वीचे मराठी पुस्तक. त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला. त्यात लेखिका वाचक स्त्रियांना वरच्या पायरीवरून उपदेश करते. ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ (१८८७) हे फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक. त्याची रचना बाल्य, विवाहित जीवन, धर्म व समाजातील स्त्रीचे स्थान, वैधव्य अशा टप्प्यांनी पुढे सरकते आणि आवाहनाच्या प्रकरणाशी थांबते. म्हणजे पुस्तकाचा सारा बांध मागणीच्या दिशेने आहे. प्रत्येक प्रकरण तिची पूर्वतयारी करते. तिसरे पुस्तक ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे परतल्यावर मराठीत प्रसिद्ध झाले. उपदेश, आवाहन आणि तुलनात्मक माहिती असा हा क्रम आहे, आणि सात वर्षांतला वाचकाशी असलेल्या नात्याचा बदल त्यात स्पष्ट दिसतो.

या क्रमातील मधली पायरी निर्णायक आहे. इंग्रजी पुस्तक लिहिताना रमाबाईंना जे काही स्वतःला स्वयंस्पष्ट होते ते सारे परक्यासाठी उलगडावे लागले. जात म्हणजे काय, विवाहाचे वय म्हणजे काय, केशवपनाचा अर्थ काय, यांपैकी एकही गोष्ट अध्याहृत ठेवता येत नव्हती. मराठीत लिहिणाऱ्याला या शब्दांचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही, म्हणून त्यांकडे थांबून पाहण्याचीही वेळ येत नाही. परभाषेने ती वेळ आणली. समाजाचे वर्णन बाहेरच्यासाठी करण्याची ही शिस्त रमाबाई इंग्रजीत शिकल्या आणि दोन वर्षांनी तीच शिस्त त्यांनी उलटी फिरवली : आता अमेरिका हा उलगडण्याचा विषय झाला आणि मराठी वाचक हा बाहेरचा. ‘लोकस्थिती’ हा शब्द शीर्षकात ‘प्रवासवृत्ता’च्या आधी यावा, ही अर्थपूर्ण गोष्ट आहे. पाहणारीच्या दिनक्रमाला येथे दुय्यम स्थान आहे. समाज कसा चालतो, याला पहिले.

या पुस्तकाचे एक वैशिष्ट्य मात्र अधिक बारकाईने पाहायला हवे. अमेरिकेत रमाबाईंनी सभा उभारण्याचे, वर्गणीची शिस्त बसवण्याचे, दूरच्या गावांतील स्त्रियांना एका कामाशी बांधून ठेवण्याचे तंत्र आत्मसात केले. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. गावोगावच्या ‘रमाबाई मंडळां’नी दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले. एका परदेशी स्त्रीने, शिकून घेतलेल्या भाषेत, हे घडवून आणले. तरीही मराठी पुस्तकात हे कौशल्य लेखिकेची कमाई म्हणून मांडलेले नाही. स्त्रियांच्या संघटना, मद्यपानविरोधी चळवळ, स्त्रियांचे शिक्षण व उद्योग यांविषयीचे सविस्तर प्रकरण अमेरिकन स्त्रियांच्या कर्तृत्वाचे आहे. जे स्वतःच्या हाताने शिकले ते येथे त्या देशाची रीत म्हणून, तृतीय पुरुषात, वाचकासमोर ठेवलेले आहे. याला विनय म्हणून सोडून देता येत नाही. ‘मी हे केले’ असे लिहिले असते तर मराठी वाचकाने ते पंडितेचे अपवादात्मक तेज मानले असते. ‘तेथील स्त्रिया असे करतात’ असे लिहिल्यामुळे ते कोणालाही उचलता येण्याजोगे झाले.

इंग्लंडमधील वास्तव्याने दिलेले कौशल्य याहून वेगळे, आणि त्याची किंमतही वेगळी. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या विद्यार्थिनी आणि संस्कृतच्या अध्यापिका अशा दुहेरी नात्याने राहिल्या. निवारा, मुलीचे पालनपोषण, शिक्षण हे सारे यजमानांवर अवलंबून. अशा स्थितीत सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात धर्मतत्त्वांवर, स्त्रीने पुरुषांना शिकवण्याच्या प्रश्नावर, आज्ञापालनाच्या मर्यादेवर रमाबाई ठामपणे मतभेद नोंदवतात. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. काशीच्या वा कलकत्त्याच्या पंडितसभेत मतभेद हा शास्त्रार्थाचा संकेतमान्य भाग असतो. तेथे प्रतिपक्षाचे अन्न खाऊन प्रतिवाद करण्याचा संकोच नसतो. येथे तो होता. उपकारकर्त्याच्या भाषेत, त्या भाषेतील सौजन्याचे संकेत पाळून, नकार देता येणे हे कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेले कौशल्य या पत्रांत पानोपानी घडताना दिसते. रमाबाईंच्या इंग्रजी गद्याची खरी शाळा भाषणांच्या आधी या पत्रांत होती, असे म्हणता येईल.

३

रमाबाईंच्या बाबतीत कौशल्य यशाच्या आड लपले. सोसेकीच्या बाबतीत ते अपयशाच्या आड लपते. १९०० मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने कुमामोतो येथील हा इंग्रजीचा अध्यापक लंडनला पाठवला तो इंग्रजी भाषेच्या अध्ययनासाठी. त्याला स्वतःला रस होता साहित्यात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील व्याख्याने त्याने लवकरच सोडली. शेक्सपिअरचे अभ्यासक क्रेग यांच्याकडे काही काळ खासगी शिकवणी घेतली. उरलेला बहुतेक वेळ भाड्याच्या खोलीत पुस्तकांच्या सान्निध्यात गेला. एकांत, पैशाची ओढ आणि मनःस्वास्थ्याचा ऱ्हास यांमुळे तो वेडा झाल्याची वार्ता मायदेशी पोचली. ‘बुंगाकुरोन’ म्हणजे साहित्यसिद्धान्त हा त्याचा १९०७ मधील ग्रंथ या अभ्यासाचे फलित होय. त्याच्या प्रस्तावनेत लंडनची दोन वर्षे आयुष्यातील सर्वांत अप्रिय काळ म्हणून नोंदली गेली आहेत. संकल्पित विद्येचा ताळेबंद असा आहे.

पण याच काळातून ‘जितेन्शा निक्की’ म्हणजे ‘सायकल-रोजनिशी’ हा छोटा विनोदी लेख जन्मला. तो जून १९०३ मध्ये ‘होतोतोगिसु’ या मासिकात प्रसिद्ध झाला. १९०२ च्या शरद ऋतूत घरमालकिणीच्या आज्ञेवरून निवेदक सायकल शिकायला निघतो. स्त्रियांची सोपी सायकल सुचवली जाते तेव्हा त्याचा पौरुषाभिमान दुखावतो. पुरुषाची सायकल हाती येते तेव्हा ती चालत नाही. उतारावर तो सुटतो, पोलीस त्याला हटकतो, लॅव्हेंडर हिलच्या परिसरात त्याची शोभा होते. हे सारे ज्या भाषेत सांगितले आहे ती चिनी अभिजात वळणाची, युद्धवृत्तान्ताला शोभणारी भारदस्त जपानी आहे. अनुवादातून वाचणाऱ्याला या शैलीचा पूर्ण प्रत्यय येत नाही, ही मर्यादा मान्य करावी लागते. तथापि घरमालकिणीसमोरील शरणागतीने होणारा प्रारंभ आणि पडण्याच्या मोजदादीने होणारा शेवट इतका उघड आहे की वीरगाथेची ही उलटी मांडणी अनुवादातही लोपत नाही.

सायकल चालवणे हे येथे साध्य झालेले कौशल्य नव्हे. लेखाचा सारा डौल ते साध्य न होण्यावर उभा आहे. मग शिकणे कुठे घडले? या प्रश्नाचे उत्तर वाचकाकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही. १९०१ मध्ये सोसेकीने लंडनहून लिहिलेली पत्रे ‘होतोतोगिसु’मध्ये आली होती ती त्याचा मित्र, हायकूकार मासाओका शिकी याच्यासाठी. शिकी मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळलेला होता. लंडन पाहण्याची इच्छा असलेला आणि खोलीबाहेर पडू न शकणारा हा वाचक. त्याला शहराची माहिती देऊन भागणार नव्हते. भाड्याच्या खोलीतली न्याहारी, घरमालकिणीची बडबड, रस्त्यावरून चालणारा बुटका परदेशी माणूस हे सारे त्याच्या उशाशी नेऊन ठेवायचे होते. शिकीचा स्वतःचा आग्रहही वास्तवाचे साधे रेखाटन करण्याचाच होता. या गरजेतून सोसेकीच्या लेखणीला एक वळण लागले : स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेने, जवळजवळ एखाद्या हास्यास्पद प्राण्याकडे पाहावे तसे, पाहणे.

शिकीने आणखी पत्रे मागितली होती. ती लिहिली गेली नाहीत. सप्टेंबर १९०२ मध्ये तो वारला, आणि सोसेकी लंडनमध्येच असताना त्याला ती बातमी कळली. सायकलीचा लेख त्यानंतर, ज्या मासिकाशी शिकीचे नाव निगडित होते त्या मासिकात आला. तो मृत वाचकाला पाठवलेला उशिराचा कागद आहे, असे म्हणणे तर्काच्या पलीकडचे नाही. कारण १९०६ मध्ये ‘वागाहाई वा नेको दे आरु’ (‘मी मांजर आहे’) या कादंबरीच्या दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत सोसेकीने त्या न पुरवलेल्या मागणीची आठवण स्वतःच काढली आहे. मांजराच्या डोळ्यांनी एका अध्यापकाच्या घराकडे पाहणारी ही कादंबरी १९०५ पासून त्याच मासिकात प्रसिद्ध होऊ लागली होती. लंडनमधल्या परक्या भाषेने सोसेकीला मुका, अवघडलेला, इतरांच्या नजरेखाली वावरणारा करून सोडले. त्या नजरेची यातना त्याने तंत्रात रूपांतरित केली. इंग्रजी शिकण्यासाठी गेलेला माणूस जपानी गद्याची एक नवी रीत घेऊन परतला. तिचा उल्लेख सरकारी अहवालात होणे शक्य नव्हते.

४

रमाबाई आणि सोसेकी यांचे परदेशगमन पश्चिमेकडे झाले. परभाषेचा विचार इंग्रजीच्या विचारापुरता आकसू नये, यासाठी तिसरे उदाहरण दक्षिणेकडचे आणि पूर्वेकडचे आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांना बुद्धाची पहिली ओळख ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील चरित्रलेखाने झाली. शालेय शिक्षण तुटपुंजे. १८९९ मध्ये घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास घडला. काशीत अन्नछत्रातील जेवणावर संस्कृतचे अध्ययन झाले. बौद्ध धर्माचे ज्ञान भारतात मिळत नाही हे उमगल्यावर नेपाळ, बुद्धगया आणि कलकत्ता या मार्गाने १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोचले. तेथे आचार्य सुमंगल यांच्या आश्रयाने श्रामणेर होऊन त्यांनी पालीचे अध्ययन आरंभले. पुढे ब्रह्मदेशातही वास्तव्य झाले.

संकल्पित विद्या होती बुद्धाचा धर्म, आणि तिचे साधन पाली. परंतु पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहिली जाते, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयामात तेथील लिपीत, आणि युरोपीय आवृत्त्यांत रोमन लिपीत. देवनागरीच्या सवयीने भाषा आणि लिपी यांना एकच मानणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा धडा पुस्तकातून मिळत नाही. तो त्या त्या मुलखात, त्या त्या विहारात, पाटीवर अक्षरे गिरवूनच मिळतो. एका भाषेसाठी अनेक वेळा श्रीगणेशा करावा लागणे ही प्रथमदर्शनी निव्वळ अडचण आहे. अडचणीचे सामर्थ्य पुढे उलगडले. हार्वर्डच्या प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले ते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी. हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलेले हे काम त्यांच्या १८९९ मधील मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. सिंहली आणि ब्रह्मी लिपींतील हस्तलिखिते जुळवून पाठ निश्चित करण्याच्या या कामाला नेमके तेच हवे होते, जे भिक्षूंच्या सहवासात वाटेवरची पायरी म्हणून शिकले गेले होते.

‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्रात या कौशल्याला सिद्धीचा थाट नाही. त्या गद्याचा प्राण प्रांजळपणात आहे. कोणाकडून किती मदत मिळाली, कुठे जेवण मिळाले, कुठे आजारपण आले, याची नोंद जितकी दक्षतेने होते तितकी विद्वत्तेची होत नाही. धर्मानंदांच्या दृष्टीने अक्षरे शिकणे हे धर्म समजण्याचे साधन. साधनाचा गौरव करणे म्हणजे साध्याचा विसर पडणे. रमाबाईंचे कौशल्य तृतीय पुरुषामागे दडते, सोसेकीचे विनोदामागे, तर धर्मानंदांचे सेवाभावामागे. पण सेवाभावाचा अर्थ श्रेयाविषयी उदासीनता असा घेणे चूक ठरेल. हार्वर्डमध्ये प्रा. लॅनमन यांच्याशी झालेल्या मतभेदात कामाच्या श्रेयाचा प्रश्न होताच, आणि १९१२ मध्ये संपादन अपुरे टाकून धर्मानंद परतले. पुढे त्याच कामासाठी त्यांना पुन्हा अमेरिकेस जावे लागले. हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेतील आवृत्ती प्रकाशित झाली १९५० मध्ये, धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. परभाषेत कमावलेल्या कौशल्यावर मालकी कोणाची, हा प्रश्न येथे सैद्धान्तिक राहत नाही. तो मुखपृष्ठावर कोणाचे नाव छापायचे, इतका रोखठोक होतो.

या विलंबाशी एक घटना ताडून पाहावी. ‘विसुद्धिमग्गा’ची धर्मानंदांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने मुंबईत १९४० मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे हार्वर्डच्या आवृत्तीआधी दहा वर्षे. परक्या लिप्यांमधून शिकलेला ग्रंथ आपल्या लिपीत आला. फर्ग्युसन कॉलेजात १९१२ पासून त्यांनी पालीचे अध्यापन केले आणि महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासकांची एक पिढी उभी राहिली. या विद्यार्थ्यांना कोलंबोच्या वा ब्रह्मदेशाच्या विहारात अक्षरे गिरवत बसावे लागले नाही, कारण एकाने ते आधीच केले होते.

५

तिन्ही उदाहरणे एकत्र ठेवली असता काही समान निरीक्षणे हाती येतात. पहिले असे की, अनपेक्षित कौशल्याचा उगम अवलंबनात आहे. भगिनीसंघाच्या मठात, घरमालकिणीच्या घरात किंवा भिक्षूंच्या विहारात तिघांनाही दुसऱ्याच्या नियमांत राहावे लागले. प्रौढ विद्वानाची प्रतिष्ठा भाषेबरोबर गळून पडते आणि तो पुन्हा पोरवयाच्या पातळीवर येतो. रमाबाईंच्या बाबतीत हा अनुभव अधिक तीव्र होता, कारण ऐकण्यातील अडचणीमुळे बोली इंग्रजी त्यांना इतरांइतकी सहज उपलब्ध नव्हती.

दुसरे निरीक्षण सत्तेच्या संदर्भातील आहे. वसाहतीतून राज्यकर्त्यांच्या देशात गेलेली स्त्री, स्वतंत्र राष्ट्राने पाठवलेला अधिकृत विद्यार्थी आणि आपणहून दक्षिणेला गेलेला निर्धन साधक यांची परकेपणाची जात सारखी नाही. रमाबाईंना आपला नकार उपकारकर्त्याच्या भाषेत घडवावा लागला. सोसेकीला स्वतःच्या राष्ट्राच्या अपेक्षेचे ओझे होते. धर्मानंदांना सिंहली वा ब्रह्मी यजमानांकडून तशा वर्चस्वाचा सामना करावा लागला नाही, तो पुढे हार्वर्डमध्ये करावा लागला. म्हणून ‘परदेशवासाने माणूस समृद्ध होतो’ हे सर्वसाधारण विधान येथे निरुपयोगी ठरते. हालअपेष्टा स्वतःहून काही शिकवत नाहीत. रमाबाईंसोबत इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षी तेथे मृत्यू झाला. त्या वास्तव्याने त्यांना काय दिले असते हे सांगायला त्यांची संहिता मागे राहिली नाही. कौशल्याची कथा ही टिकून राहिलेल्यांची कथा असते, याचे भान समीक्षेने सोडू नये. ब्रिटिश बोटींवर काम करणारे कोकणचे खलाशी आणि गोव्याचे आचारी यांनी परक्या बंदरांत जे शिकून घेतले त्याचेही असेच झाले. त्यांच्या अनुभवाला लेखणी मिळाली नाही, म्हणून प्रस्तुत विवेचन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ही संहितेवर आधारलेल्या अभ्यासपद्धतीची मर्यादा आहे.

तिसरे निरीक्षण स्वभाषेकडे परतण्याविषयीचे. रमाबाईंचे संघटनाकौशल्य ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेल्या शारदासदनात आणि पुढे केडगावच्या मुक्तिसदनात उतरले. फिलाडेल्फियात शिकलेली बालोद्यान-शिक्षणपद्धती मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तकांच्या रूपात आली. परक्यासाठी सोपे करून सांगण्याची सवय आयुष्याच्या अखेरीस बायबलच्या मराठी भाषांतरात, संस्कृतप्रचुर वळण टाळून साधी मराठी वापरण्याच्या आग्रहात, पुन्हा प्रकट झाली. संस्कृतच्या पंडितेने हा आग्रह धरावा, यातच शिकण्याचे अंतर मोजता येते. सोसेकीच्या हातून जपानी कादंबरीला नवा निवेदक मिळाला. धर्मानंदांनी पाली देवनागरीत आणि बुद्धचरित्र मराठीत आणले. परभाषेत कौशल्य अंगी येते तेव्हा ते निभावून नेण्याचे साधन असते. स्वभाषेत ते दुसऱ्याला देता येऊ लागते, आणि तेव्हाच ते विद्येच्या पंक्तीत बसते.

६

या विवेचनाचा तौलनिक साहित्याभ्यासाशी असलेला संबंध केवळ उदाहरणांच्या बहुभाषिकतेपुरता नाही. तौलनिक अभ्यासात लेखकाच्या परदेशवासाची नोंद ‘प्रभाव’ या सदराखाली करण्याची रूढी आहे : कोणते ग्रंथ वाचले, कोणाला भेटले, कोणत्या विचाराने प्रभावित झाले. प्रभाव ही बाहेरून आत येणारी गोष्ट मानली जाते आणि तीत घेणारा काहीसा निष्क्रिय राहतो. कौशल्य या संकल्पनेत घेणारा कर्ता असतो. सोसेकीवर कोणत्या इंग्रजी विनोदकारांचा प्रभाव पडला, हा प्रश्न रास्त आहे. पण आजारी मित्रासाठी लिहिताना त्याच्या लेखणीने काय करायला शिकून घेतले, हा प्रश्न ‘मी मांजर आहे’च्या अधिक जवळ नेतो. रमाबाईंवर अमेरिकन विचारांचा प्रभाव तपासणाऱ्याला ‘लोकस्थिती’त अनुकरण दिसेल, कौशल्य तपासणाऱ्याला तेथे समाज उलगडून दाखवण्याची कमावलेली रीत दिसेल.

मराठी समीक्षेसाठी यातून एक काम सुचते. परदेशवासाच्या आत्मपर लेखनाची पुनर्वाचने करताना नामांकित दृश्यांऐवजी किरकोळ वाटणाऱ्या जागांकडे लक्ष द्यावे लागेल : अक्षर गिरवल्याची ओळ, वर्गणीची तपशीलवार नोंद, यजमानाला दिलेला सौम्य नकार, पडल्याची गंमत. तसेच परभाषेचा हा अनुभव देशाच्या सीमेबाहेरच घडतो असेही नाही. धर्मानंदांचे कौशल्य कोलंबोत फुलले, पण त्याचे बीज कोकणी-मराठी मुलुख सोडून ग्वाल्हेर, काशी, कलकत्ता अशा एकामागून एक परभाषिक गावांत राहण्याच्या सवयीत होते. भारतातील बहुभाषिक विद्यापीठांत, घरच्या भाषेपासून दूर येऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आजच्या पिढीतही असेच काही शिकले जात असणार. त्याची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. ती कधी झालीच तर त्यांच्या गद्यात होईल, आणि ती ओळखण्याची तयारी असलेला वाचक तेव्हा असावा लागेल.